नाव कशावरून पडते?

अमेरिकेत कुणी ‘बॉलर’ म्हटले, तर आपल्याला क्रिकेटमधला गोलंदाज आठवेल. तिथे मात्र बोलीभाषेत बास्केटबॉल खेळणाऱ्याला बॉलर म्हणतात. दुसरा शब्द ‘हूपर’. हूप म्हणजे कडे. त्यात चेंडू टाकणारा तो हूपर. जुनी वर्तमानपत्रे ‘केजर’ लिहीत, कारण पूर्वी मैदानाभोवती जाळीचा पिंजरा असे. १८९१ साली जेम्स नायस्मिथ यांनी हा खेळ काढला, तेव्हा तर कड्याऐवजी फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या.

ही सगळी नावे खेळावरून पडली, जन्मावरून नाही. त्याच देशात काळ्या माणसाला हिणवणारी नावेही होती. एनबीए या मोठ्या स्पर्धेत १९५० साली अर्ल लॉइड उतरले. तोवर तिथे एकही काळा खेळाडू खेळला नव्हता. पुढे शाळकरी अर्विन जॉन्सनचा खेळ पाहून एका बातमीदाराने त्याला ‘मॅजिक’, म्हणजे जादू, म्हटले. आज जग त्याच नावाने त्यांना ओळखते.

आमच्या जांब समर्थला माझ्या वडिलांचे नाव कुणी सरळ घेत नसे. शेवटी ‘या’ लागायचाच. कबड्डीत मात्र आमच्याच वस्तीतल्या चपळ पोराला सारे ‘वाघ’ म्हणत.

माता-पित्यांनो, मुलाला काळ्या, जाड्या, बुटक्या म्हणू नका. टोपणनाव ठेवायचेच, तर त्याला जे जमते त्यावरून ठेवा. हाकेनेही माणूस ताठ उभा राहतो.