शेकड्याचा कडबा, किलोची गाय

दूध काढायला शिकवणारे पुष्कळ भेटले, पण चारा कसा मोजायचा हे जो तो वेगळंच सांगे. शहादा तालुक्यातल्या गोमाईकाठच्या गावात मामांचा गोठा सांभाळायला मी नाशिकहून आलो. इथे कडबा शेकड्याने घेतात, उभी मका गुंठ्याने आणि उसाचं वाढं मोळीने. गाय मात्र किलोने खाते. शेकडा म्हणजे शंभर पेंढ्या, इथवर ठीक. पण पेंढी केवढी? "बांधणाऱ्याचा हात जेवढा, तेवढी," व्यापारी म्हणाला, आणि वर, "दादरचा आहे, हात लावून बघा." दादर म्हणजे खानदेशातली रब्बी ज्वारी. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाऊस सरताना पेरतात, जमिनीतल्या ओलीवर वाढते, फेब्रुवारी-मार्चात निघते. बरेच जण ती दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात, हे मला नवीनच होतं.

पशुवैद्यक डॉक्टरांनी हिशोब सांगितला आणि डोकं आणखी गरगरलं. चारशे किलोच्या दुभत्या गाईला खुराक धरून दिवसाला दहा-बारा किलो कोरडं खाद्य लागतं. कोरडं म्हणजे त्यातलं पाणी वजा करून. वीस किलो कोवळी मका डोळ्यांना ढीग दिसते, पण पाणी गेल्यावर उरते जेमतेम चार किलो. पाच किलो कडबा कोपऱ्यात मावतो, त्यात साडेचार किलो कोरडं. मग हिरवं कशाला? तर कडब्यात प्रथिनं अगदी थोडी, नुसत्या कडब्यावर दूध घटतं. आणि पाच किलो टाकला म्हणजे पाच किलो पोटात गेला असंही नाही. पानं ओरबाडून गाई बुडखे गव्हाणीत सोडतात. म्हणून कुट्टी, बारीक तुकडे करून. म्हणजे यंत्र, म्हणजे वीज, आणि शेतीची वीज येणार तिच्या वेळेला.

हिरवं सगळंच चांगलं, हेही खरं नव्हे. पावसाने ताण दिलेली गुडघाभर ज्वारी गुरांना अजिबात दाखवायची नाही. तिच्यातून पोटात सायनाइडचं विष तयार होतं, जनावर तासाभरातही जाऊ शकतं. तीच ज्वारी फुलोऱ्यात आली की चालते.

मुरघासाचा, म्हणजे हिरवा चारा मुरवून ठेवण्याचा दिवस सर्वांत गोंधळाचा. मला वाटलं होतं, मका हिरवीगार असताना कापायची. मामांनी एक कणीस मधोमध मोडलं आणि दाणा माझ्या डोळ्यांपुढे धरला. दाण्यावर एक फिकट रेघ असते. वरचा भाग घट्ट, खालचा दुधाळ. रेघ निम्म्यावर आली की दाणा चिकात आला, मग कापणी. "आखो दूध शे, थांब आठ दिन," मामा म्हणाले आणि मजूर माघारी पाठवले. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून मामांनी त्यांना मिरची तोडायला नेलं, हे मला नंतर कळलं.

आठवड्याने दोन सेंटिमीटरची कुट्टी पडू लागली. मामांनी ती मुठीत दाबून हात उघडला: गोळा हळूहळू फुटला, तळवा ओलसर, पण थेंब गळला नाही. थेंब गळला तर मुरघास सडतो. गोळा लगेच विस्कटला तर चारा नीट दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. खरं काम इथून पुढे. पिशवीत थर टाकायचा, पायांनी तुडवायचा, पुन्हा थर. हवा गेली की जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि त्या आम्लात चारा टिकतो. तोंड बांधून पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. उंदरांना ही मुदत कोणी सांगितलेली नसते, म्हणून चिकटपट्टी घेऊन पिशव्यांभोवती रोज एक फेरी.

धडगावकडच्या पाहुण्यांकडे तर वेगळंच शास्त्र. तिथे चारा डोंगरावर उगवतो. शेडा, मारवेल ही गवतं फुलोऱ्यात कापून वाळवली तर उत्तम, पण नेमकी तेव्हाच शेतातली कापणी असते. गवत मागे पडतं, वाळून काडी होतं, आणि कुसळी गवताची कुसळं गुरांच्या तोंडात रुततात. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या चराईचा हक्क मान्य केला, पण वेळेवर विळा धरायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न तिथे प्रत्येक घरात ऐकला.

आमच्याकडे सध्या ऊसतोड चालू असल्याने वाढं स्वस्त आहे. गाई आवडीने खातात, पण त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम अडवतं, म्हणून चुन्याची निवळी शिंपडून आणि बेतानेच द्यायचं. दादरचा कडबा आत्ता भरावा की थांबावं, यावर घरात दोन मतं आहेत. जूनमध्ये भाव चढतो हे नक्की. पण आत्ता भरला तर गंजीला जागा हवी, वर ताडपत्री हवी. व्यापारी उद्या येतोय. मामांनी सांगून ठेवलंय, पाच पेंढ्या तोलल्याशिवाय भाव बोलायचा नाही, आणि त्या गंजीच्या वरच्या घ्यायच्या नाहीत, मधल्या ओढून काढायच्या.