काकांची कॉइल

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळी आडव्या करून गेलं. पुढे महिनाभर ज्याच्याकडे चेनसॉ तो राजा. माझ्या गॅरेजात तर रांगच.

माझा हात बसलेला रॉकेलच्या जुन्या पंपांवर. त्यात ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट असत. काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे, गॅप लावायचा, करंट हजर. शेजारच्या वाडीतले एक काका चेनसॉ घेऊन आले. "दोरी ओढून खांदा गेला रे, सुरूच होत नाय." प्लग काढून बॉडीला टेकवला, दोरी ओढली. करंट नाही. नवा प्लग लावला, तरी नाही.

चेनसॉत घासायला पॉइंटच नाहीत. फ्लायव्हीलवरचं चुंबक कॉइलसमोरून फिरतं आणि ठिणगी कधी टाकायची ते कॉइलमधलं सर्किट ठरवतं. ते सगळं राळेत बंद. उघडून बघता येत नाही, म्हणून माझ्या लेखी तीच गुन्हेगार! नवी कॉइल मागवली, काकांकडून नऊशे रुपये घेतले.

बसवताना गॅप नजरेनेच लावला. दोरी ओढताच खर्रर्र. फ्लायव्हीलने कॉइलचे पाय खरवडले होते. मग शहाणपण सुचलं. जाड व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरलं, चुंबकाने कॉइल ओढून घेतली, स्क्रू आवळले, कार्ड काढलं. साधारण ०.३ मिलिमीटर गॅप मिळाला.

करंट तरीही नाही.

तेव्हा कुठे ती बारीक काळी वायर दिसली. कॉइलपासून स्टॉपच्या बटणाकडे जाणारी. हँडलखाली चेपून तिचं आवरण गेलं होतं आणि तांबं बॉडीला टेकत होतं. म्हणजे बटण कसंही ठेवा, मशीन कायम बंद! कॉइलवरून ती वायर सोडवून एकदा दोरी ओढली असती, तर पाच मिनिटांत कळलं असतं. टेप गुंडाळली, मशीन सुरू.

खरं तर जुनी कॉइल परत बसवून पैसे द्यायला हवे होते. पण खरवडलेली नवी दुकानदार घेणार नव्हता. मी गप्प बसलो. काका म्हणाले, "जुनी टाकून दे." ती मी डब्यात टाकली.

चौथ्या दिवशी काका परत. थंड असताना सुरू होतं, पंधरा मिनिटांत तापलं की बंद. गरम असतानाच प्लग तपासला, करंट गायब. नवी कॉइल तापल्यावर मान टाकत होती. डब्यातून त्यांचीच जुनी काढली, कार्ड लावून बसवली. समोर पडलेल्या आंब्यावर अर्धा तास मशीन चालवलं. एकदाही थांबलं नाही.

"हिचे किती?"

"राहू द्या काका."

दुसऱ्या दिवशी ते पडलेल्या माडाचे दहा नारळ घेऊन आले. पोराने दुसरी कॉइल फुकट दिली, असं वाडीभर सांगत होते. नारळ मी ठेवून घेतले.