समुद्र, वाळवंट आणि घुडखर

कच्छच्या छोट्या रणात भर दुपारी उभे राहिलात, तर पहिला प्रश्न हाच पडेल की इथे कोणी राहतं तरी कसं? पायाखाली भेगाळलेली माती, तिच्यावर मिठाचा पांढरा थर आणि लांबवर पाण्यासारखं चमकणारं मृगजळ. झाड दिसेल तर शपथ!

अहमदाबादहून दसाडा किंवा झैनाबाद साधारण दोन-अडीच तासांवर आहे. तिथून जीपने रणात शिरायचं. थोड्या वेळाने मातीचाच एक तुकडा हलल्यासारखा वाटेल. तोच घुडखर, म्हणजे रानगाढव. 'गाढव काय बघायचं!' असं आमच्या घरीही झालं होतं, पण हा प्राणी भलताच देखणा. पाठीचा रंग मातीशी मिळताजुळता, पोट पांढरं आणि आयाळीपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा. लपायला आडोसा नाही, म्हणून धोका लांबून हेरायचा आणि सुसाट पळायचं, हाच त्याचा बचाव.

खरी गंमत पावसाळ्यात असते. नद्यांचं गोडं पाणी आणि कच्छच्या आखाताचं खारं पाणी इथे एकत्र येतं आणि रणाचा उथळ समुद्र होतो. कोळंबीची पिल्लं आखातातून आत येऊन इथेच वाढतात. तेव्हा घुडखर 'बेट'वर जातात. बेट म्हणजे रणातले उंचवटे. पाऊस पडला की त्यांच्यावर गवत उगवतं, आणि बहुतेक शिंगरं याच दिवसांत जन्मतात. आईला चारा मिळतो, पिल्लाला दूध. पाणी ओसरलं की त्याच जमिनीवर अगरिया कुटुंबं मीठ पिकवायला येतात.

बेटांच्या कडेला लाणा नावाचं झुडूप दिसेल. त्याची पानं बोटांनी दाबून बघा, रसाळ लागतात. मुळांतून आलेलं मीठ ते पानांत साठवतं आणि सोबत पाणीही धरून ठेवतं. काटेरी 'गांडो बावळ', म्हणजे वेडी बाभूळ, मात्र मूळची अमेरिका खंडातली. रणाची खारट जमीन पसरू नये म्हणून ती लावली, आणि आता तीच पसरतेय. घुडखर तिच्या गोड शेंगा खातात आणि शेणातून बिया सगळीकडे पोचवतात. उपाय भारी पडला, दुसरं काय!

भारतीय रानगाढवं जगात आता फक्त याच भागात जंगली अवस्थेत उरली आहेत. १९६०च्या दशकात रोगराईने त्यांची संख्या ३६२ पर्यंत खाली आली होती. नंतर अभयारण्य झालं आणि २०२४च्या मोजणीत ती ७,६७२ भरली. आनंदाचीच गोष्ट, पण एवढी जनावरं आता रणात मावत नाहीत. रात्री ती शेतात शिरतात, रस्ते ओलांडताना गाड्यांखाली येतात. उभं पीक गेलेल्या शेतकऱ्याला त्यांचं कौतुक कुठून वाटणार?

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, तेव्हा रोहित आणि करकोचेही दिसतील. एक मात्र करा. फोटोसाठी ड्रायव्हरला कळपामागे जीप पळवायला लावू नका. उन्हात पळताना त्यांच्या अंगातलं पाणी जातं, आणि इथे पाणी मिळवणं सोपं नाही. लांब थांबून इंजिन बंद करायला सांगा. कळप मान वर करून तुमच्याकडे बघेल, कान हलवेल आणि थोड्या वेळाने परत चरायला लागेल.