फेर

जपानमध्ये गरोदरपणाची नोंद केली की नगरपालिकेकडून आईच्या हाती एक पुस्तिका येते, बोशी तेचो. १९४८ पासून ही पद्धत आहे. तिच्यात लसींच्या तारखा, वजन-उंचीचे आलेख आणि बाळाविषयी प्रश्न असतात. टाटा करते का? स्वतः कप धरून पाणी पिते का? अर्थ असलेले शब्द बोलते का? बहुतेकांची उत्तरं दोनच, हो किंवा नाही. माझ्या लेकीला डाउन सिंड्रोम आहे. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. त्यामुळे स्नायू सैल, आणि बसणं, चालणं, बोलणं सगळंच उशिरा. तिच्या पुस्तिकेत 'नाही'वर खुणा करता करता पुढचं पान उलटायला माझा हात धजेनासा झाला होता.

आम्ही तोक्योच्या निशिकासाईत राहतो. इथे आपली माणसं पुष्कळ, दुकानात पोहे मिळतात. तरी या मुलीला वाढवताना मला सर्वांत जास्त धीर दिला तो इथल्या ऋतूंच्या सणांनी.

वसंत लागण्याच्या आदल्या दिवशी, बहुधा ३ फेब्रुवारीला, सेत्सुबुन येतो. 'ओनी वा सोतो, फुकु वा उची', राक्षस बाहेर, सुख घरात, असं ओरडत भाजलेले सोयाबीन फेकायचे आणि मग आपल्या वयाइतके दाणे खायचे. कडक दाणा लहान मुलांच्या घशात अडकतो, पाच वर्षांच्या किंवा त्याहून लहान मुलांना देऊ नका, असं इथलं सरकार बजावतं. आम्ही त्यानंतरही बराच काळ थांबलो. दाणे बशीत मांडायचे आणि तोंडात मात्र तामागो बोरो, जिभेवर विरघळणारी इवली बिस्किटं. सुरुवातीला तिची मूठ एकदम सांडायची. चिमटीत दाणा धरणं हा तिच्या थेरपीतला जुना, दमवणारा धडा. मग एका सेत्सुबुनला अंगठा आणि तर्जनी जुळली, एकच दाणा उचलला गेला आणि राक्षसाचा कागदी मुखवटा लावलेल्या तिच्या बाबाच्या नाकावर जाऊन लागला. बाबा दारापर्यंत पळाला. ती हसून हसून खाली बसली.

बशीत जितकं वय तितके दाणे. काय येतं, काय येत नाही, हे ती बशी विचारत नाही.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांना ऐकून शिकण्यापेक्षा पाहून, करून शिकणं सोपं जातं, आणि तेच ते पुन्हा करायला मिळालं तर फारच. सण नेमकं तेच देतो. यंदा जमलं नाही? पुढच्या वर्षी तोच दिवस, तेच दाणे, तीच आरोळी. ३ मार्चच्या सणासाठी हिना बाहुल्या मांडायच्या, ७ जुलैला, तानाबाताला, बांबूच्या फांदीवर इच्छेची चिठ्ठी बांधायची. तिच्या चिठ्ठीवर रेघोट्या असतात. मी त्यांचा अर्थ लावत बसत नाही, तशीच बांधते.

त्या रेघोट्या पाहून लोक मला शोको कानाझावांचं नाव सांगतात. १९८५ साली जन्मलेल्या या सुलेखनकार बाईंना डाउन सिंड्रोम आहे, आणि एनएचके वाहिनीच्या २०१२ च्या 'ताइरा नो कियोमोरी' मालिकेचं शीर्षक त्यांच्या हातचं आहे. त्यांची दांडगी, मोकळी अक्षरं मला मनापासून आवडतात. पण असं काही नाव काढलं तरच माझ्या लेकीचं जगणं सार्थकी लागेल, हे मला मुळीच मान्य नाही.

आमचा खरा सण उन्हाळ्यातला, बोन ओदोरी. मैदानात मधोमध लाकडी मचाण, त्यावर ताइको ढोल आणि भोवती माणसांचा फेर. भोंडल्यात हत्तीभोवती धरतो तसाच. 'तान्को बुशी' हे क्युशूच्या कोळसाखाणींतलं गाणं लागतं. खणायचं, पुन्हा खणायचं, कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळाशी हात नेऊन चंद्राकडे बघायचं, गाडी ढकलायची, टाळ्या. शिकवणी नाही. पुढच्याचं बघायचं आणि करायचं. लेक गाडी ढकलू लागते तेव्हा बाकीच्यांच्या टाळ्याही होऊन गेलेल्या असतात. मागे युकाता नेसलेल्या एक आजी असतात. त्या थांबतात, तिची गाडी पुरती ढकलून होऊ देतात, "छान जमतं हं" म्हणतात आणि मगच पाऊल उचलतात. त्यांच्या मागचेही थांबतात. कोणाची लय मोडत नाही.

हस्त लागला की तुमच्याकडे भोंडला होईल. सोसायटीत असं एखादं मूल असेल, तर त्याच्या आईला आठवणीने बोलावणं धाडा, आणि त्या दिवशी फेर जरा सावकाश फिरू द्या.