लाल रेघ

शिक्षकाची चूक विद्यार्थ्याच्या वहींतून उघड व्हावी, यासारखा दुसरा धडा नाहीं. तो मला कसा मिळाला तें सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं मीं वर्गास अमोनियाचें द्रावण व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या विक्रियेचें निव्वळ आयनिक समीकरण विचारिलें. दुसरबीडच्या एका मुलानें लिहिलें: ‘अमोनिया + हायड्रोजन आयन = अमोनियम आयन’. मीं त्यावर लाल रेघ मारिली; कारण माझ्या जुन्या टिपणांत ‘हायड्रोजन आयन + हायड्रॉक्साइड आयन = पाणी’ असें होतें. तो नम्रपणें म्हणाला, “सर, अमोनिया दुर्बल आम्लारी ना? मग त्यांत हायड्रॉक्साइड तो असा कितीसा असणार?”

मी निरुत्तर झालों. रात्रीं पुस्तकें उघडलीं. कॉस्टिक सोड्याचे आयन पाण्यांत पूर्णपणें सुटे होतात; तेथें माझें समीकरण योग्य. परंतु अमोनियाच्या दशांश मोलर द्रावणांत शंभर रेणूंपैकीं जेमतेम एक रेणू पाण्याकडून हायड्रोजन आयन घेऊन अमोनियम होतो. बाकीचे अखंडच राहतात. म्हणून तो रेणू न मोडतां लिहावयाचा. आम्ल तीव्र, त्याचे आयन वेगळे मांडावयाचे. क्लोराइड दोहों बाजूंस जसाच्या तसा राहतो. तो केवळ प्रेक्षक, म्हणून गाळावयाचा. उरलें तें त्या मुलाचेंच समीकरण!

दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेनंतर मीं वर्गासमक्ष चूक कबूल केली व त्यास पूर्ण गुण दिले. बोलतांना जीभ जड झाली होती; परंतु त्या दिवसापासून मुलें निर्भयपणें शंका विचारूं लागलीं.

पुढें त्यानेंच विचारिलें, “सर, आमच्याकडील लोणारच्या खाऱ्या पाण्यांत आम्ल घातलें तर?” उल्कापातानें झालेल्या त्या विवरांतील पाण्यास बाहेर वाट नाहीं, म्हणून तेथें सोडियम कार्बोनेटादि क्षार सांचले आहेत. आम्ही धुण्याच्या सोड्याच्या द्रावणावर आम्ल ओतून पाहिलें. भरपूर आम्ल पडतांच फसफसून बुडबुडे आले. सोडियम व क्लोराइड हे प्रेक्षक ठरले, आणि फळ्यावर उरलें: ‘कार्बोनेट आयन + दोन हायड्रोजन आयन = पाणी + कार्बन डायऑक्साइड’. यांत हायड्रॉक्साइडचें नांवही नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, समीकरण पाठ करण्यापूर्वीं पात्रांत खरोखर काय आहे तें विचारा. जें आहे तेंच लिहा. जें बदलत नाहीं तें गाळा. आणि चूक आढळली, तर ती आपली असो वा गुरूची, ती दुरुस्त करण्यास लाजूं नका. ती लाल रेघ मला अजून आठवते, आणि वह्या तपासतांना माझा हात थोडा थांबतो.