काडी कीं कीटक?

तर्कशास्त्राच्या आरंभींच्या पाठांत स्थाणु-पुरुषाचें उदाहरण येतें. अंधुक उजेडांत दूर कांहीं उभें दिसतें. तें वठलेलें खोड कीं माणूस, याचा निश्चय होत नाहीं, आणि या अनिश्चयासच संशय म्हणावयाचें. काडीकिडा मात्र संशयास अवसरच ठेवीत नाहीं. ही काडीच, असा पाहणाराचा पक्का निश्चय होतो आणि तेवढ्यावर तो निभावतो. वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा प्राणी पाहिला असेल. पाहिला हें त्यांस ठाऊक नसेल इतकेंच.

याच्या तीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्यांच्या गणास शास्त्रज्ञांनीं दिलेलें नांव भूत किंवा आभास या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलें आहे. तें यथार्थ होय. शरीर बारीक व लांबट, त्यावर डहाळीसारखीं पेरें. पुढचे दोन पाय डोक्यापुढें सरळ ताणले कीं डोकें कोठें संपलें तें समजत नाहीं. पुष्कळ जातींत या पायांच्या मांड्यांस मुळाशीं डोकें नेमकें बसेल असा बांकच असतो! दिवसभर किडा हालत नाहीं. वारा सुटला तर फांदीबरोबर डुलतो. खाणें-फिरणें सारें रात्रीं.

आपल्याच देशांतील, तामिळनाडूच्या पळणी डोंगरांकडील एक जात युरोपांतील प्रयोगशाळांतून व शाळांतून शंभर वर्षांहून अधिक काळ पाळली जात आहे. लांबी सुमारें ८ सेंटिमीटर. तींत नर अतिशय विरळ. माद्या नरावांचून अंडीं घालतात व त्यांतून बहुधा माद्याच निपजतात. अंडें बीसारखें दिसतें व त्यावर एक लहानसें बोंड असतें. अशा बोंडाच्या लोभानें मुंग्या कित्येक जातींचीं अंडीं वारुळांत नेतात, बोंड कुरतडून खातात आणि अंडें तसेंच टाकून देतात. परोपजीवी गांधीलमाश्यांपासून तें तेथें सुरक्षित राहतें. एका बोंडाच्या मोलांत पहारेकरी मिळविण्याची ही युक्ति आम्हांस या प्राण्याच्या सर्व युक्त्यांत सरस वाटते.

सोंग उघडें पडलें तर? पळणीचा किडा पाय अंगाशीं आवळून खालीं पडतो व मृतवत् राहतो. फार डिवचल्यास पुढच्या पायांच्या मुळाशीं लपलेला तांबडा डाग दाखवितो. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील एक जात तर शत्रूच्या डोळ्यांवर दाहक द्रवाचा फवारा सोडते. शेवटचा उपाय महाग आहे: धरलेला पाय मांडीपाशीं तोडून देऊन स्वतः निसटणें.

गेल्या आठवड्यांत आमच्या परसांतील पेरूवर नातवानें काडी समजून असाच एक किडा ओढला आणि पाय त्याच्या चिमटींत राहिला. मुलगा नऊ वर्षांचा, रडकुंडीस आला. "आजोबा, पाय पुन्हां येईल ना?" आम्हीं त्यास आहे तें सांगितलें. किडा वाढत्या वयाचा असेल तर कात टाकतांना आंखूडसा नवा पाय फुटतो व पुढच्या प्रत्येक कातीबरोबर वाढतो. पूर्ण वाढलेला किडा पुन्हां कात टाकीत नाहीं. त्याचा गेलेला पाय गेलाच. हा कोणत्या वयाचा, तें आतां कातच सांगणार.

तूर्त जाळीच्या पेटींत पेरूचा पाला घालून किडा ठेवला आहे. मुलगा रोज शाळेस निघण्यापूर्वीं पाय मोजतो. अजून पांचच भरतात.