खांदेपालट

मी हरले असे म्हणायलाही मला संकोच वाटतो. हरण्यासाठी निदान कुणाशी तरी झुंज द्यावी लागते. गेल्या डिसेंबरात पुण्याला झालेल्या एका मॅरेथॉनमध्ये माझ्या पुढे किती गेले आणि मागे किती राहिले, याची मी मोजदादच केली नाही. चार तासांत पोहोचायचे असे ठरवले होते. पोहोचले ५ तास २४ मिनिटांनी. शेवटचे दहा किलोमीटर तर मी धावलेच नाही. चालले, थांबले, रस्त्याच्या दुभाजकावर बसले, पुन्हा चालले. सोमवारी कॉलेजात आले तेव्हा जिमखान्याच्या फळ्यावर खडूने लिहिलेले माझे नाव आणि त्याखालचे 'हार्दिक शुभेच्छा' तसेच होते. पुसायचे कुणाच्या ध्यानात राहिले नव्हते. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून मीच ते ओल्या रुमालाने पुसले.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा वरचा १९५ मीटरचा हिशेब कुठून आला, असा प्रश्न मला पहिल्यापासून पडे. पुढे वाचनात आले की १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली आणि मैदानात राजघराण्याच्या आसनासमोर संपली. तेव्हा जे अंतर भरले तेच १९२१ साली कायम झाले. राजाच्या सोयीसाठी वाढलेले अंतर आम्ही आजवर धावतो आहोत! मात्र १८९६ साली अथेन्सला झालेली पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहणारा माणूस होता, हे वाचून मला फार बरे वाटले होते. आमच्या माण तालुक्यात पाणी वाहण्याचा अनुभव कुणाला नाही? त्या हिशेबाने इथल्या घरोघरी एकेक लुई निघायला हवा.

आमच्या तालुक्यात मुलगी पळू लागली की लोक एकच नाव घेतात. मोहीच्या ललिता बाबर यांचे. त्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे पहिल्या आल्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत त्यांना दहावे स्थान मिळाले. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावल्या त्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत उतरली, आणि ती आमच्या दुष्काळी मुलखातली! तेव्हा मी लहान होते. आमच्या आळीत पेढे वाटल्याचे मात्र पक्के आठवते. पुढे कॉलेजच्या क्रॉसकंट्रीत माझा नंबर आला आणि गाव म्हणू लागले, 'ही बी ललिताच्या वाटेनं निघाली बघा.' त्या एका वाक्याने माझे डोके जे फिरले ते बेचाळीस किलोमीटर फिरले.

ऑगस्टपासून मी सोळा आठवड्यांचा कार्यक्रम आखला. आठवड्याला पाच दिवस धावायचे, रविवारी मोठी मजल. पहाटे साडेचारला उठून माणगंगेच्या पुलाकडे निघायचे. त्यासाठी दोनशे पानी वही केली. तारीख, अंतर, वेळ असे तीन रकाने आखले. बूट आणि नोंदणीची फी यांसाठी आईने वाढवलेला बोकड बाजारात नेऊन विकला. पैसे माझ्या हातात देताना ती एवढेच म्हणाली, "पायाला लागणार न्हाईत असलं बूट घे."

पहाटे डेअरीला दूध घालायला जाणे हे आमच्याकडे माझे काम. डेअरी दोन किलोमीटर लांब. सायकलीला दोन किटल्या अडकवायच्या, तिथे रांगेत उभे राहायचे, फॅट लागेपर्यंत थांबायचे आणि परतायचे. यात तासभर सहज जातो. माझे धावणे सुरू झाल्यावर ते काम धाकट्या भावाकडे गेले. कोणी ठरवून दिले नाही. ते गेले, एवढेच. केरवारे आईकडे गेले. भाकरीचा एक तवा आजीकडे गेला. मी परत येई तेव्हा चूल पेटलेली असे आणि चहा तयार असे. मी पाय शेकत बसे, वहीत अंतर लिही आणि कॉलेजला निघे. राज्यशास्त्राच्या पहिल्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपण्याची कला मी याच सोळा आठवड्यांत हस्तगत केली. सरांच्या ते लक्षात आले नसेल असे मानणे हा माझा भाबडेपणा झाला.

पुण्याला माझ्याबरोबर दादा, म्हणजे माझे वडील, आले होते. त्या आठवड्यात विहिरीच्या मोटारीला वीज रात्रीची होती आणि कांद्याला पाणी द्यायचे होते. ते सोडून ते रात्रीच्या एस.टी.त माझ्या शेजारी बसून आले. सकाळी शर्यत सुटली. चांगल्या बुटांचे, घड्याळांचे, हसऱ्या चेहऱ्यांचे ते हजारो लोक पाहून मला काय झाले कोण जाणे, मी सुटलेच! दहा किलोमीटर ५१ मिनिटांत. अर्धे अंतर १ तास ५२ मिनिटांत. आपण कुणीतरी आहोत असे वाटू लागले. तीस किलोमीटरला घड्याळात २ तास ५२ मिनिटे झाली आणि बत्तिसाव्याच्या पाटीजवळ पायांनी माझे ऐकणे सोडून दिले. शरीरात साठवलेली साखर साधारण याच सुमारास संपत येते, आणि जो सुरुवातीला जोरात धावतो त्याची आणखी लवकर संपते. धावणारे लोक याला 'भिंत' म्हणतात. मी ते वाचले होते. पण वाचलेली भिंत आणि कपाळाला लागलेली भिंत यांत फरक असतो.

शेवटच्या रेषेपलीकडे दादा टॉवेल आणि भाकरीचे गाठोडे घेऊन उभे होते. चार तासांत येते म्हणून सांगितलेली मुलगी पाच तास उलटले तरी दिसेना. तेव्हा त्या माणसाने काय काय मनात आणले असेल! मला पाहून ते म्हणाले, "पोचलीस न्हवं? झालं तर."

इथवर झाले ते ठीक. पुढचे लिहायला हात अडतो, पण लिहायला हवे. परतीच्या गाडीत मी रडत होते आणि रडता रडता म्हणाले, "शहरातल्या मुलींना घरी शेण-पाणी नसतं. त्या नुसत्या धावतात. मला कुठं तसं करता येतं?" दादा खिडकीबाहेर बघू लागले. फलटण येईपर्यंत त्यांनी तोंड वळवले नाही. फलटणच्या स्टँडवर खाली उतरून त्यांनी माझ्यासाठी पाण्याची बाटली आणली आणि न बोलता माझ्या हातात दिली.

जानेवारीत भावाच्या दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गुण आले. बाकी विषय ठीक, गणितात नापास. मी मोठ्या बहिणीच्या थाटात त्याला फैलावर घेतले. "दिवसभर करतोस काय?" तो मान खाली घालून उभा. तेव्हा आजी जात्यापाशी डाळ निवडत होती. सुपातली नजर न काढता ती म्हणाली, "तू पळत हुतीस तवा त्यो बी पळतच हुता की. डेअरीला."

त्या रात्री मी वही काढली. अंतराच्या रकान्यात भरलेल्या तारखा मोजल्या. सोळा आठवड्यांत मी ७१ दिवस धावले होते. म्हणजे ७१ सकाळी तो डेअरीला गेला होता. सकाळी एक तास धरला तरी ७१ तास. दहावीच्या वर्षातले. वहीत माझा प्रत्येक किलोमीटर होता, त्याचा एकही तास नव्हता. आईच्या पहाटा नव्हत्या, आजीचा तवा नव्हता, दादांचे त्या रात्री न दिलेले पाणी नव्हते. 'मला कुठं तसं करता येतं?' हे माझेच वाक्य माझ्या कानात वाजत राहिले. शहरातल्या मुलींचे मला माहीत नाही. मला मात्र नुसते धावता यावे म्हणून चार माणसे राबली होती, आणि मी त्यांनाच अडचण म्हणाले होते.

पश्चात्तापाचीही एक चैन असते. मी ती केली. बूट माळ्यावर टाकले. पहाटे मीच डेअरीला जाऊ लागले, केर काढू लागले, भाकऱ्या थापू लागले, आणि हे सगळे तोंड पाडून. कुणी बोलले तर हो-नाहीत उत्तर. तीन आठवडे असे गेल्यावर आई एक दिवस वैतागली.

"तोंड पाडून भाकरी थापू नगंस. करपती ती. तू पळायची थांबलीस म्हणून त्याचं गणित सुटतंय व्हय?"

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी थांबल्याने कुणाचेच काही भरून निघाले नव्हते. उलट घरात एक रुसलेले माणूस वाढले होते.

तेव्हापासून रात्री जेवणानंतर मी आणि भाऊ गणित घेऊन बसू लागलो. माझे गणित दहावीला सुटले ते सुटलेच, त्यामुळे आम्ही दोघेही सारखेच अडत होतो. वेग, वेळ, अंतर यांची उदाहरणे त्याला कंटाळवाणी वाटत. मी म्हटले, पुस्तकातली आगगाडी राहू दे, माझीच शर्यत घे. त्याने वहीतले आकडे घेतले, पेन्सिल चावत बराच वेळ आकडेमोड केली आणि वर बघितले.

"ताई, चार तासांत जायचं तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद लागायला पायजेत. पहिल्या दहाला ५७ मिनिटं. तू ५१ मध्येच गेलीस. सहा मिनिटं वाचवायला गेलीस आन ८४ मिनिटं घालवलीस."

मी दोनदा ताडून पाहिले. बरोबर होते. गणितात नापास झालेल्या मुलाने माझ्या पराभवाचा हिशेब चार ओळींत मांडला होता. त्यात शेण-पाणी कुठेच नव्हते. घरच्या कामांनी मी हरले नव्हते. पहिल्या दहा किलोमीटरच्या तोऱ्याने हरले होते.

माळ्यावरचे बूट त्यानेच काढून दिले. पण आता पुन्हा तसेच सुरू करायची माझी छाती नव्हती. आजीला मी म्हटले, "मी पळाले तर कुणाला तरी माझं ओझं घ्यावंच लागतं." आजी शिखर शिंगणापूरच्या डोंगराखाली वाढलेली. चैत्राच्या यात्रेत मुंगी घाटाने कावडी वर चढताना तिने जन्मभर पाहिल्या आहेत. ती म्हणाली, "कावड एकट्याच्या खांद्यावर चढती व्हय? खांदा बदलावाच लागतो. पर ज्यानं खांदा काढला त्यानं मोकळं झालं की पुढं पळून जाऊ न्हाई. थोड्या टायमानं परत खांदा द्याया यायचं."

आम्ही चौघांनी आणि आजीने मिळून नवा कार्यक्रम आखला. आठवड्याला चारच दिवस धावायचे. त्यातले दोन दिवस दूध घालून आल्यावर, उजाडल्यावर. म्हणजे त्या दिवशी भावाला उठायचे कारण नाही. उरलेल्या दोन दिवशी डेअरी दादांकडे. मोठी मजल एक रविवार सोडून एक. बाजाराच्या दिवशी आणि कांदा काढणीच्या आठवड्यात धावणे नाही. बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत भावाकडे कसलेच काम नाही, ही अट आईची. आणि बेचाळीस किलोमीटर सध्या नाही. साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन होते, ती २१.०९७ किलोमीटरची. यंदा तिच्यासाठी तयारी करायची.

खरे सांगायचे तर या कार्यक्रमाने मी वेगवान होईन असे वाटत नाही. चार दिवसांत पाच दिवसांचे होत नाही. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ साल उजाडावे लागले. माझी दुसरी मॅरेथॉन यायला आणखी दोन-तीन वर्षे लागली तर बिघडले कुठे, अशी मी मनाची समजूत घालते. ती कधी पटते, कधी पटत नाही. पहाटे डेअरीच्या रांगेत उभी असताना रस्त्यावरून पोलीस भरतीची पोरे धापा टाकत पळत जातात, तेव्हा पोटरीत कळ उठते.

वहीत मात्र आता चौथा रकाना आहे. तारीख, अंतर, वेळ आणि 'घरचे काम कुणी केले'. परवा सकाळी त्यात मी 'दादा' असे लिहिले. त्याच दिवशी भावाचा बोर्डाचा गणिताचा पेपर होता. निकाल लागायला अजून अवकाश आहे. परत आल्यावर कसा गेला असे मी विचारले, तर म्हणाला, "पहिल्या पानाला घाई केली न्हाई."